पेपर जॅमचे दिवस

सकाळी ७.३०
मी पुण्यात घरोघरी जाऊन प्रिंटर दुरुस्त करते. जुलै-ऑगस्टमध्ये माझा फोन चहाच्या आधी वाजतो. शाळांचे प्रोजेक्ट, प्रवेशाचे अर्ज आणि त्यात ही दमट हवा. रिम उघडी राहिली की कागद ओल धरतो, कडा वळतात आणि दोन पानं एकमेकांना चिकटून आत जातात. त्यामुळे फोनवर माझा पहिला प्रश्न असतो, "कागद कुठे ठेवता?" आणि लगेच पुढची सूचना, "मी येईपर्यंत ओढाओढ करू नका." अडकलेल्या कागदाने प्रिंटरचं फारसं काही बिघडत नाही. बिघडतं ते तो हिसका देऊन ओढल्याने.

पिशवीत स्क्रू ड्रायव्हर, बोथट टोकाचा चिमटा, छोटा टॉर्च, धागे न सोडणारी फडकी, डिस्टिल्ड वॉटर आणि खाली अंथरायला जुनी वर्तमानपत्रं.

सकाळी ९.३०, कोथरूड
आठवीतल्या मुलीचा प्रोजेक्ट आजच द्यायचा आहे. "ताई, मी कागद काढला, तरी जॅमच दाखवतोय," ती रडवेली होऊन सांगते. प्रिंटर त्याच्या बटणाने बंद करून मी प्लग काढते आणि तिला विचारते, "काढलेला कागद टाकून दिलास का?" कचऱ्याच्या डब्यातून तुकडे येतात. ते आम्ही टेबलावर जुळवतो. पान पूर्ण होत नाही, उजवा खालचा कोपरा नाही.

म्हणजे तो कोपरा आतच आहे. मागचं झाकण काढून टॉर्च मारला, तर कागद आला-गेला हे ओळखणाऱ्या काळ्या प्लॅस्टिकच्या खटक्याखाली नखाएवढा कपटा दिसतो. त्याने खटका दाबून धरलाय, म्हणून मशीनला वाटतंय की कागद अजून आतच आहे. चिमट्याने कपटा निघतो, खटका टचकन वर येतो. अख्खं पान अडकलं असतं तर ते दोन्ही हातांनी, सरळ रेषेत, कागद ज्या दिशेने जातो त्याच दिशेने हळूहळू काढायचं. फाटलंच तर तुकडे जुळवल्याशिवाय झाकण लावायचं नाही. मुलीला हे करून दाखवलं. पुढच्या वेळी ती मला बोलावणार नाही, आणि मला तेच हवं आहे.

सकाळी ११.१५, सहकारनगर
इथे प्रिंटर कागद घेतच नाही. नुसता घरघरतो आणि जॅमचा दिवा लावतो. आजोबा म्हणाले, "नवीनच घ्यावा म्हणतो." मी आतला रबरी रोलर बोटाने फिरवते, बोटाला पांढरी भुकटी लागते. कागदाची धूळ बसून रबर गुळगुळीत झालंय, त्याची पकड गेली आहे. ओलसर फडक्याने रोलर फिरवत फिरवत पुसला, वाळू दिला. कागदही बदलला. ए-फोर पान म्हणजे चौरस मीटरचा सोळावा भाग, त्यामुळे ८० जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅमचं, एक पान ५ ग्रॅम भरतं. त्याहून पातळ पान पावसाळ्यात लवकर मान टाकतं. गठ्ठा पिसून, कडा ठोकून ट्रेमध्ये ठेवायचा. बाजूच्या पट्ट्या कागदाला टेकल्या पाहिजेत, रुतता कामा नयेत.

मागच्या उघड्या ट्रेवर रुमाल टाकायला सांगून निघते. त्या फटीतून मी पेन्सिली, टाचण्या आणि कानातलीही काढली आहेत.

दुपारी १.००, तपकीर गल्ली
बुधवार पेठेतली ही गल्ली इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांची. रोलर, सेपरेशन पॅड, केबल, लागतं ते इथे बघायचं. एखाद्या जुन्या मॉडेलचा नवा भाग मिळत नाही, तेव्हा भंगारातल्या प्रिंटरचा काढून बसवायचा. डबाही इथेच खाऊन घेते.

दुपारी २.३०, सदाशिव पेठ
काकू श्रावणात उपवासाची भाजणी विकतात, पाकिटांची लेबलं घरीच छापतात. त्यांच्या प्रिंटरवर जॅमची सूचना आहे, आत मात्र कागदाचा मागमूस नाही. शाईचं हेड एका टोकाला धाडकन आपटतं आणि थांबतं.

अशा वेळी मी एन्कोडर स्ट्रिप बघते. हेड ज्या मार्गावरून धावतं, त्याला समांतर ताणलेली ही पारदर्शक पट्टी. तिच्यावर डोळ्यांना जेमतेम जाणवणाऱ्या बारीक उभ्या रेघा असतात. हेडला जोडलेला सेन्सर त्या मोजत जातो, तेव्हा त्याला आपण कुठे आहोत हे कळतं. टॉर्च तिरका धरला आणि मधोमध शाईचा पुसट डाग दिसला. तेवढ्या रेघा झाकल्या गेल्या, हेडचा हिशोब चुकला आणि मशीनने त्याला जॅम म्हटलं. पट्टी काढायची नाही, ताणायचीही नाही. साध्या पाण्याने ओलसर केलेलं फडकं दोन बोटांत धरून अलगद फिरवायचं. स्पिरिट वापरलं तर रेघाच जाण्याची भीती. लेबलं छापायला लागली. काकूंनी भाजणीचं पाकीट पिशवीत घातलं, नाही म्हणू दिलं नाही.

संध्याकाळी ५.३०, घरी
घरी आणलेल्या प्रिंटरचं हेड चोंदलंय. हेडची छिद्रं केसाहून बारीक असतात. काही मशीन शाई क्षणभर तापवून बुडबुड्याच्या जोराने बाहेर फेकतात. १९७७ मध्ये कॅननच्या प्रयोगशाळेत तापलेली सोल्डरिंग आयर्न शाईच्या सिरिंजच्या सुईला लागून शाई उडाली, त्यातून ती कल्पना निघाली. एप्सनच्या हेडमध्ये विजेने आकार बदलणारा पिझो घटक शाई ढकलतो. पद्धत कोणतीही असो, शाई वाळली की छिद्र बंद.

नोझल चेकच्या पानावर निळ्या रेघा तुटक आल्या. दोन वेळा क्लीनिंग केलं आणि थांबले. प्रत्येक क्लीनिंगची शाई आतल्या फेल्टच्या पॅडमध्ये जाते, आणि तो भरला की मशीन कामच बंद करतं. रात्रभर ठेवलं की वाळलेली शाई पुष्कळदा आपोआप सैल होते.

हे का झालं, ते मालकांनी सांगितलेल्या सवयीतच आहे. ते रोज थेट बोर्डाचं बटण बंद करतात. त्यामुळे हेड जागेवर जाऊन रबरी टोपीखाली झाकलं जात नाही, उघड्यावर सुकतं. आधी प्रिंटरचं बटण, दिवा विझला की मग बोर्डाचं. आणि आठवड्यातून एक रंगीत पान.

रात्री ९.००
वहीत आजची कामं लिहिली. एकाही घरी प्रिंटर टाकून द्यायची वेळ आली नाही. ती आलीच, तर तो भंगारवाल्याला नको, अधिकृत ई-कचरा केंद्रात द्यावा, २०२२ च्या नियमांत प्रिंटर आणि त्याची कार्ट्रिज दोन्ही येतात. पण त्याआधी माझं एवढं ऐका. प्रिंटर चांगला चालत असेल तेव्हाच एकदा प्लग काढून त्याची झाकणं उघडून बघा. रोलर कुठे आहे, खटका कुठे आहे, पट्टी कुठून जाते, हे डोळ्यांखालून घाला. अडचणीच्या दिवशी हात घाई करणार नाही.