घर कोणाच्या नावावर होतं?

अमेरिकेतून किंवा ऑस्ट्रेलियातून आपले आयरिश पूर्वज शोधायला जो कोणी येतो, तो बहुधा एकच वाक्य घेऊन येतो: ‘आमचे पणजोबा कॉर्कचे.’ पुष्कळदा ते कॉर्कचे नसतातच. कॉर्कजवळच्या क्वीन्सटाउन बंदरातून, म्हणजे आजच्या कोव्हमधून, त्यांनी बोट धरली एवढंच खरं असतं. बंदराचं नाव घरात टिकलं. ज्या घरातून ट्रंक निघाली त्या जागेचं नाव दोन पिढ्यांत पुसलं गेलं.

मी गॉलवे काउंटीतल्या एका लहान गावी राहते आणि तिथल्या वाचनालयात स्थानिक इतिहासाच्या कपाटापाशी मदतनीस म्हणून बसते. मराठी बाई आयरिश लोकांना त्यांचे आजे-पणजे शोधून देते, याची गावाला जरा गंमत वाटते. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने तर मला सरळच विचारलं, ‘लिओचं आणि तुझं नातं काय?’ लिओ म्हणजे लिओ वराडकर, २०१७ मध्ये इथले पंतप्रधान झालेले. वडील मुंबईचे डॉक्टर, मूळ घर मालवण तालुक्यातल्या वराडचं. नातं नाही म्हटल्यावर म्हाताऱ्याचा विश्वास बसला नाही. इथे दोन माणसं एका मुलखातली असली की त्यांचं काहीतरी नातं निघतंच, असा त्याचा आयुष्यभराचा अनुभव.

वराडकर म्हटलं की निदान गाव तरी कळतं. केली म्हटलं की काहीच कळत नाही. केली गल्लोगल्ली आहेत. म्हणून पाहुण्यांना मी आधी टाउनलँड विचारते. टाउनलँड म्हणजे जमिनीचा सगळ्यात लहान नाव असलेला तुकडा, कधी पाचपंचवीस घरांचा, कधी एकाही घराचा नाही. आयर्लंडच्या सबंध बेटावर असे एकसष्ट हजारांच्या वर आहेत. ते हाती लागलं नाही तर पुढचं सगळं अंदाजपंचे.

लोक आधी जनगणना मागतात. इथेच पहिली ठेच लागते. ३० जून १९२२ रोजी यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं सरकारी दप्तर उडालं आणि १८२१ ते १८५१ च्या जनगणनांची जवळजवळ राखरांगोळी झाली. पण सगळं खापर त्या स्फोटावर फोडणं बरोबर नाही. १८६१ आणि १८७१ चे कागद सरकारने आधीच नष्ट केले होते, १८८१ आणि १८९१ चे पहिल्या महायुद्धात रद्दीत गेले. राहिल्या त्या १९०१ आणि १९११ च्या. त्या मात्र घराघराच्या आहेत, आज फुकट बघता येतात, आणि काय नाही त्यांत! दर्शनी भिंतीला खिडक्या किती, छप्पर गवताचं की पाटीच्या दगडाचं, डुकरांचा खुराडा आहे का. १९११ ला बाईला विचारलंय: लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली, त्यातली हयात किती. शेवटच्या दोन आकड्यांत फरक असला की बघणारा माणूस क्षणभर थांबतो.

बॉस्टनहून आलेली एक बाई या दोन जनगणनांपाशीच अडकली होती. तिचे पणजोबा १८८० च्या दशकात गेले. लग्न बॉस्टनच्या चर्चमध्ये झालं आणि तिथल्या पाद्र्याने, देव त्याचं भलं करो, वराच्या नावापुढे आयर्लंडमधल्या पॅरिशचं, म्हणजे चर्चच्या हद्दीचं, नाव लिहून ठेवलं. आडनाव केली. तिला जनगणनेत पणजोबांचा भाऊ मायकल सापडला होता, पण तो हाच का, याची खात्री होईना. १९०१ मध्ये त्याचं वय ५०, आणि १९११ मध्ये ७०! ‘दोन वेगळी माणसं असणार,’ ती म्हणाली.

माणूस एकच होता. १ जानेवारी १९०९ पासून सत्तरी गाठलेल्यांना सरकारी पेन्शन सुरू झालं. जन्मनोंदणी सुरू झाली १८६४ मध्ये, म्हणजे सत्तरीच्या कोणाकडेही जन्मदाखला असणं शक्यच नव्हतं. मग अर्ध्या आयर्लंडने दहा वर्षांत वीस वर्षं वाढून घेतली. लबाडी म्हणा हवं तर. मला त्या म्हाताऱ्यांचं कौतुकच वाटतं. पॅरिशची बाप्तिस्म्याची वही नॅशनल लायब्ररीने २०१५ मध्ये सगळ्यांसाठी खुली केली आहे, तीत मायकल १८५० चा निघाला. धर्मपालकांत पणजोबांच्या आईच्या माहेरचं आडनाव होतं. जुळलं.

हे जुळणं नीट तपासावं लागतं, नाहीतर वडाची साल पिंपळाला लागते. ॲनी मूरचंच बघा. १ जानेवारी १८९२ ला न्यू यॉर्कच्या एलिस आयलंडवर उतरलेली पहिली प्रवासी, कॉर्कची मुलगी; तिचे पुतळेही आहेत. तिची म्हणून कित्येक वर्षं सांगितली गेलेली कहाणी टेक्सासमध्ये वारलेल्या दुसऱ्याच ॲनी मूरची होती, आणि ती तर जन्माने इलिनॉयची. २००६ मध्ये मेगन स्मोलेन्याक या संशोधक बाईंनी कागद लावून दाखवलं, की खरी ॲनी न्यू यॉर्क सोडून कुठे गेलीच नव्हती. तिचे वंशजही सापडले.

बॉस्टनच्या बाईची मेलेली माणसं आता हाताशी होती. जिवंत हवी होती. इथे माझा एक हट्ट आहे. लोक गेलेल्या माणसाच्या मागे धावतात. मी म्हणते, राहिलेल्या जमिनीच्या मागे जा. बटाट्याच्या मोठ्या दुष्काळानंतर इथे शेतीचे तुकडे करणं थांबत गेलं. एका मुलाला जमीन, बाकीच्यांना बोट. म्हणजे ज्याला जमीन मिळाली, त्याचंच कोणीतरी आज इथे असणार.

जमिनीचा धागा सुरू होतो ग्रिफिथच्या मूल्यांकनात. १८४७ ते १८६४ दरम्यान रिचर्ड ग्रिफिथच्या माणसांनी कर ठरवण्यासाठी देशभरच्या जमिनी आणि घरं मोजली. कसणारा कोण, जमीनदार कोण, क्षेत्र किती, नकाशावर क्रमांक कोणता, सगळं छापलेलं आहे. बाईच्या टाउनलँडमध्ये तीन जॉन केली होते. एकापुढे कंसात ‘पॅट’, म्हणजे पॅटचा जॉन. दुसऱ्यापुढे ‘लाल’, केसांवरून. आपला जॉन, म्हणजे मायकलचा बाप, पॅटचा.

छापील पुस्तक तिथेच थांबतं. पुढची पानं डब्लिनच्या पूर्वीच्या व्हॅल्युएशन ऑफिसच्या दुरुस्ती-वह्यांत. आपल्या तलाठ्याच्या फेरफार नोंदींची ही थेट भावंडं. कसणारा बदलला की जुनं नाव खोडून वर नवं लिहायचं, बाजूला साल टाकायचं, आणि प्रत्येक फेरीला शाई वेगळी. त्या पानावर जॉनचं नाव काळ्या शाईत होतं. त्यावर आडवी लाल रेघ आणि वर ‘जॉनचे वारस’ या अर्थाची नोंद. म्हणजे म्हातारा गेला, पण कोण कसणार हे घरात ठरलं नव्हतं. पुढे निळ्या शाईत मायकल. मग हिरव्यात त्याचा मुलगा टॉमस, आणि जमीनदाराच्या रकान्यावर ‘एल. ए. पी.’ असा शिक्का: जमीन-खरेदीच्या कायद्यांनी कुळांना सरकारी कर्जावर जमिनी विकत मिळू लागल्या, त्याची ही खूण. चार पिढ्या कसलेली जमीन घरच्यांची झाली. बाई बराच वेळ त्या शिक्क्याकडे बघत होती. मी तिला एवढंच बजावलं की नोंद प्रत्यक्ष घटनेनंतर दोन-चार वर्षांनीही व्हायची, तेव्हा साल म्हणजे मृत्यूची तारीख धरू नकोस.

टॉमसनंतर त्याचा मुलगा. वह्या १९७० च्या दशकात संपतात, तोवर नाव तेच. तिथून पुढे डीएनए चाचणी कामी येईल असं तिला वाटत होतं. त्या चाचणीतून तिला अमेरिकेतलेच ढीगभर चुलत-आते भाऊबंद मिळाले होते. इथे घरी राहिलेल्यांना कोण कुठून आलं याचं कुतूहल कशाला असणार? जिवंत माणूस सापडतो तो मृत्यूच्या बातमीत. आरआयपी डॉट आयई या संकेतस्थळावर गेलेल्या माणसाचं टाउनलँड, बाईचं माहेरचं आडनाव, मागे राहिलेली भावंडं, भाचे, नातवंडं असं सगळं येतं. स्थानिक रेडिओवर ते वाचून दाखवतात आणि रेडिओ बंद करून उठण्याची हिंमत कोणी करत नाही. त्यात त्याच टाउनलँडच्या एका बाईची बातमी होती. मागे राहिलेल्यांत तिचा भाऊ, घर तेच.

दारात थेट जाऊन उभं राहायचं नाही, हे मी पाहुण्यांना बजावते. आधी पत्र, आणि शक्यतो ओळखीच्या माणसाच्या हाताने. आमच्या पोस्टमनने नेलं. दोन दिवसांनी भावाचा मला फोन. नमस्कार-चमत्कार नाही. पहिला प्रश्न: ‘जमिनीचं काही आहे का?’ नाही म्हटल्यावर म्हणाला, ‘मग रविवारी मासनंतर घेऊन ये तिला.’

ऐंशीच्या पुढचा, एकटा राहणारा माणूस. दोघांचे पणजोबा सख्खे भाऊ. बाईने आणलेल्या वंशवृक्षाच्या गुंडाळीकडे त्याने नीट पाहिलंही नाही. त्याच्या दृष्टीने त्यात नवं काहीच नव्हतं. ‘एक जण अमेरिकेला गेला होता, हे ऐकलंय,’ एवढंच. मग चहा ओतता ओतता त्याने स्वतःचं काढलं. त्याची आत्या १९४७ मध्ये बॉस्टनला गेली, नाताळला डॉलर पाठवायची, आणि नंतर पत्रं बंद झाली. ‘तू तिकडचीच ना? मग तिचं काय झालं ते तू सांग.’

अमेरिकेची १९५० ची जनगणना २०२२ पासून खुली आहे. बाईने वंशवृक्ष बाजूला सारला, फोन काढला आणि आडनाव कसं टाकू विचारलं. ‘ओ लावून बघ,’ तो म्हणाला, ‘आणि न लावताही बघ. आत्या जरा ऐटबाज होती.’