लीव्हर खाली, लीव्हर वर

हाँगकाँगच्या मोंगकोक भागातल्या क्वाँग वाह स्ट्रीटवर एअरसॉफ्टच्या बंदुकांची दुकानं शेजारी शेजारी आहेत. सहा मिलिमीटरचा प्लास्टिकचा छर्रा फेकणाऱ्या, खऱ्या शस्त्रांच्या हुबेहूब नकला. संपादकांना हवा होता तो या बाजारावरचा लेख. मी मात्र एका दुकानाच्या मागच्या टेबलापाशी अडकले, कारण तिथे पोट उघडलेली एक विंचेस्टर पडली होती.

काचेच्या कपाटांतल्या बाकीच्या बंदुका आजच्या फौजांच्या, काळ्या आणि कोनाकोनांच्या. त्यांच्यात ही लाकडी दस्त्याची, ट्रिगरभोवती पितळी रंगाची लांबट कडी असलेली रायफल म्हणजे मिलिटरी कॅन्टीनमध्ये शिरलेला पागोटेवाला. लाकूड खोटं होतं, पितळही खोटं. कडी, म्हणजे लीव्हर, मात्र खरंच हलत होती.

इतिहास थोडक्यात आटपते. ऑलिव्हर विंचेस्टर हा शर्टांचा कारखानदार. त्याच्या कंपनीची १८७३ची रायफल सात लाखांवर खपली. पुढे जॉन ब्राउनिंगने १८९२चं मॉडेल रचलं, जास्त सुटसुटीत आणि जास्त मजबूत. पडद्यावर गाजली ती बहुतेक ही दुसरी. ‘स्टेजकोच’मध्ये जॉन वेन जी गरकन फिरवतो ती १८९२ची, चित्रपटातली गोष्ट तिच्या आधीच्या काळातली असूनही. नकलांचं म्हणाल तर, जपानने १९७१मध्ये धातूच्या नकली पिस्तुलांवर बंधनं आणली. तिथल्या नकलाकारांचा ओढा पुढे प्लास्टिककडे वळला आणि त्यातून एअरसॉफ्ट वाढलं. मारुशिनने १८९२ची वायूवर चालणारी नक्कल काढली. तिच्याहून बऱ्याच स्वस्त नकला आता चीनमधून येतात. त्यांतल्या काहींच्या खोक्यावर १८७३ छापलेलं असतं. खऱ्या १८७३च्या कुशीला सुटी होणारी पट्टी असते. या स्वस्त नकलांना ती नसते, आणि अंगलट सरळसरळ १८९२ची. विकणाऱ्यांना याचं काही वाटत नाही. मला वाटलं.

टेबलावर काम करणारा गृहस्थ चाळिशीचा, कमी बोलणारा. त्याने रिकामी रायफल माझ्या हातात दिली आणि नुसती खूण केली: ओढ. लीव्हर खाली गेली, बोल्ट मागे सरकला, हॅमर कॉक झाला. लीव्हर वर आली, बोल्ट पुढे गेला आणि छर्रा रबरी नळीत जाऊन बसला. दोनदा ओढल्यावर थांबवेना. हातातून कोपरापर्यंत जाणारा तो दुहेरी खटका, या खेळण्याची सगळी किंमत त्यातच आहे.

गॅसच्या पिस्तुलात वायूला दोन कामं असतात: छर्रा फेकायचा आणि वरची स्लाइड मागे ढकलायची. दुसऱ्या कामातच जास्त वायू जातो. शिवाय द्रवाची वाफ होताना टाकी गार पडते, दाब उतरतो आणि सलग दहा-बारा फैरी झाल्या की पिस्तूल मलूल होतं. लीव्हरच्या रायफलीत दुसरं काम माणसाचा हात करतो. हॅमर व्हॉल्व्हवर आपटतो, व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो, तेवढा वायू छर्ऱ्यामागे जातो, संपलं. त्यामुळे एका भरण्यात ती पुष्कळ चालते. गंमत अशी की सगळ्यात जुनाट दिसणारी बंदूकच वायू सगळ्यात जपून वापरते.

पण जे काम वायूकडून काढून घेतलं ते हाताकडे आलं, आणि स्वस्तपणा नेमका तिथेच उघडा पडतो. खरी विंचेस्टर पोलादाची. इथे लीव्हर आणि तिचे जोड झिंकच्या मिश्रधातूचे, साच्यात ओतलेले. गृहस्थाने एक सुटा जोड उजेडात धरला. पिनचं गोल भोक लांबट झालं होतं. आपल्याकडचा मिस्त्री म्हणाला असता, प्ले आलाय. प्ले आला की बोल्ट शेवटचा केसभर प्रवास करत नाही, रबरी नळीवर सील बसत नाही आणि वायू छर्ऱ्याच्या मागून निसटतो. तो ते भोक मोठं करून त्यात पोलादी बुश बसवत होता. ठोकून नव्हे, अंगठ्याने दाबत, पुन्हा काढत, घासत. हे काम बघायला मी तासभर उभी राहिले असते, पण त्याला गिऱ्हाईक होतं.

त्याची तक्रार गिऱ्हाइकांबद्दलच होती. सिनेमा बघून आलेले लोक लीव्हर भराभर पण अर्धवट ओढतात. पूर्ण खाली न नेता वर आणली की कधी छर्रा येतच नाही, कधी एकामागे दुसरा शिरतो. मग नळीतून गज घालून साफ करा. जॉन वेनसारखी फिरवायला जाणारे तर जोडच मोडून आणतात.

उन्हाळ्याचं दुखणं वेगळंच. ग्रीन गॅस म्हणजे मुख्यतः प्रोपेन, त्यात सीलसाठी थोडं सिलिकॉन तेल. वीस अंशांना त्याचा दाब सुमारे ८ बार, चाळीसला १३च्या आसपास. जास्त दाब म्हणजे जास्त जोर, असं वाटतं. पण तोच दाब व्हॉल्व्हला आतून घट्ट मिटून धरतो आणि कमकुवत स्प्रिंगचा हॅमर त्याला उघडू शकत नाही. बंदूक ठणठणीत, टाकी भरलेली, आणि ट्रिगर ओढला की नुसता टक. स्प्रिंग कडक बसवली तर त्याच बंदुकीचा जोर मर्यादेबाहेर जाऊ शकतो. हाँगकाँगमध्ये २ जूलच्या वर गेलं की कायद्याने ते खेळणं राहत नाही. जपानात तर मर्यादा १ जूलच्याही खाली, ०.९८.

सुटे भाग हा आणखी एक घोळ. एकाच नावाच्या दोन खेपांमध्ये स्क्रूचे आटे जुळतील याची खात्री नाही. म्हणून मोडलेल्या रायफली तो टाकत नाही. टेबलाखालच्या खोक्यात हॅमर, स्प्रिंगा, अर्धे बोल्ट भरून ठेवलेत.

टरफलं फेकणारा प्रकारही मिळतो, उमारेक्सच्या काउबॉय रायफलीसारखा. तीत दहा धातूची काडतुसं, प्रत्येकाच्या टोकाला एकेक छर्रा, ताकद सीओटूच्या कॅप्सूलची. लीव्हर ओढली की टरफल उडून बाहेर पडतं. देखणं आहे, मान्य. पण खेळाच्या मैदानात ती टरफलं गवतात पडतात, आणि वेगळी विकत घ्यायची तर स्वस्त नाहीत. खेळाडू गुडघ्यावर बसून ती शोधत असतो तेव्हा समोरचा गडी त्याला आरामात टिपतो. गृहस्थाच्या हिशेबाने ती भिंतीवर टांगायची. खेळायला टरफल न टाकणारीच न्यायची, आणि नेण्याआधी त्याच्याकडून बुश बसवून घ्यायचं.