पालेभाजी, बुरशीनाशके आणि काढणीपूर्वीचे दिवस

पावसाची शाश्वती नसलेल्या धाराशिव (पूर्वीच्या उस्मानाबाद) जिल्ह्यासारख्या भागात पॉलिहाऊस आणि शेडनेटमुळे ऐन उन्हाळ्यातही कोथिंबीर, मेथी, पालक पिकविणे शक्य होते. परंतु बंदिस्त आच्छादनाखाली हवा खेळती राहिली नाही, तर आर्द्रता वाढते आणि भुरी, केवडा, मूळकुज यांसारख्या बुरशीजन्य रोगांचे फावते. बुरशीनाशकांची फवारणी मग ओघानेच येते. तिचा अंश ग्राहकाच्या ताटापर्यंत किती पोहोचतो, हा अन्नसुरक्षेचा प्रश्न आहे.

फवारलेले औषध पानावर कायम राहत नाही. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी ते विघटित होते, पावसाने धुऊन जाते आणि पीक वाढते तसे त्याचे प्रमाण विरळ होते. पॉलिहाऊसचा कागद पाऊस अडवितो आणि अतिनील किरणांचा बराचसा भागही रोखतो. साहजिकच उघड्या शेताच्या तुलनेत तेथे अवशेष अधिक काळ टिकू शकतात. शेडनेटमध्ये पाऊस आत येत असल्याने हा परिणाम तुलनेने कमी असतो. त्यातच पालेभाजीचे पान पातळ व पसरट असल्याने वजनाच्या मानाने त्यावर औषध अधिक बसते. शिवाय मेथी महिनाभरातच काढणीला येते. फवारणी आणि काढणी यांत हाती दिवस उरतात थोडेच.

मँकोझेबसारखे स्पर्शजन्य बुरशीनाशक पानाच्या पृष्ठभागावर राहते. वाहत्या पाण्यात भाजी नीट धुतल्यास त्याचा काही अंश निघून जातो. कार्बेन्डाझिमसारखी आंतरप्रवाही औषधे मात्र पेशींत शिरतात. ती धुऊन पूर्णपणे जात नाहीत. शिजविणे हाही सर्वस्वी खात्रीचा उपाय नव्हे. मँकोझेबचे उष्णतेने इथिलीन थायोयुरिया या थायरॉईड ग्रंथीला अपायकारक पदार्थात रूपांतर होऊ शकते. युरोपीय महासंघाने २०२० मध्ये मँकोझेबच्या मान्यतेचे नूतनीकरण नाकारले.

भारतात कीटकनाशक कायदा, १९६८ नुसार औषधाची नोंदणी विशिष्ट पिकासाठी होते आणि शेवटची फवारणी व काढणी यांतील प्रतीक्षाकाळ लेबलवर दिलेला असतो. द्राक्ष, बटाटा, टोमॅटो यांसाठी अनेक बुरशीनाशके नोंदलेली आहेत. मेथी-कोथिंबिरीसारख्या पिकांसाठी फारच थोडी. परिणामी दुकानदाराच्या सल्ल्याने दुसऱ्या पिकाचे औषध वापरले जाते आणि त्या पिकासाठी किती दिवस थांबायचे, हे लेबलवर सापडत नाही. ज्या औषधाची मर्यादा निश्चित झालेली नाही, त्याला अन्नसुरक्षा नियमांनुसार किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे शंभर टनांत एक ग्रॅम, ही मर्यादा लागू होते. मर्यादा ओलांडली म्हणजे लगेच विषबाधा होते असे नव्हे. पण औषधाचा वापर शिस्तीत झाला नाही, याचा तो पुरावा ठरतो.

ही शिस्त अशक्य नाही, हे द्राक्षाने दाखविले आहे. धाराशिवसह राज्यातील द्राक्ष उत्पादक जिल्ह्यांत निर्यातीच्या बागांची नोंदणी, फवारणीच्या नोंदी आणि प्रयोगशाळेतील तपासणी ‘ग्रेपनेट’ प्रणालीद्वारे होते. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अवशेषांमुळे युरोपात भारतीय द्राक्षे अडली आणि तपासणी अधिक काटेकोर झाली. स्थानिक मंडईत जाणाऱ्या कोथिंबिरीच्या जुडीमागे मात्र असा कोणताही मागोवा नसतो. परदेशी ग्राहकासाठी उभी राहिलेली व्यवस्था घरच्या ग्राहकाच्या वाट्याला अद्याप आलेली नाही.

उपाय शेतापासूनच सुरू होतात. बियाण्यास ट्रायकोडर्माची प्रक्रिया, विरळ पेरणी, हवा खेळती ठेवणे आणि पाने भिजविणाऱ्या तुषारांऐवजी ठिबक सिंचन यांमुळे रोगाचा जोर, आणि पर्यायाने फवारणीही, कमी होते. पालेभाज्यांसाठी औषधांची नोंदणी व प्रतीक्षाकाळाची निश्चिती करणे, तसेच मंडईतील नमुन्यांची नियमित तपासणी करणे ही शासनयंत्रणेची जबाबदारी आहे. ग्राहकाने भाजी चिरण्यापूर्वी वाहत्या पाण्यात दोन-तीनदा धुणे इष्टच. तथापि शेतात न पाळलेले प्रतीक्षेचे दिवस स्वयंपाकघरात भरून काढता येत नाहीत.