त्रिकोण उघडा का राहतो?

ठोकळे जोडून प्रोग्राम लिहायच्या 'स्क्रॅच' या संगणकभाषेत पहिला त्रिकोण काढताना मुलं हमखास 60 अंश लिहितात. तीन बाजू सारख्या, तीन कोन सारखे, तिघांची बेरीज 180, म्हणजे एक कोन 60. हे त्यांना पाठ असतं. मग 'तीन वेळा करा'च्या ठोकळ्यात '100 पावलं चला' आणि '60 अंश वळा' बसवून ती हिरवा झेंडा दाबतात. पडद्यावरची मांजर चालते, वळते, पुन्हा चालते आणि त्रिकोण पुरा न करताच थांबते. मागे उरतो तो उघड्या तोंडाचा अर्धा षटकोन. "सर, हे असं कामून झालं?"

याचं उत्तर फळ्यावर देता येतं, पण मी ते देत नाही. वर्गाला घेऊन मैदानावर जातो. कबड्डीचं मैदान आखायची फक्की असतेच. एकाने मांजर व्हायचं, दुसऱ्याने हुकूम सोडायचे आणि तिसऱ्याने मागून फक्की ओढायची. मांजर झालेला मुलगा नाकासमोर पाच पावलं जातो, हुकमाप्रमाणे थोडासाच वळतो आणि जिथून निघाला त्या जागेपासून लांबलांब जाऊ लागतो. सगळे ओरडतात, "अजून फिर, अजून!" तो अजून फिरतो, पार मागे वळून बघावं इतका. तेवढं वळला की रेघ जुळते. त्रिकोणाच्या आतला कोन 60 असतो, पण चालणाऱ्याला वळावं लागतं 120. सरळ रस्ता सोडून अंग किती फिरलं, एवढंच मांजरीला कळतं. तीनदा 120 म्हणजे 360. एक पूर्ण गिरकी झाली की माणूस पुन्हा पहिल्या दिशेला तोंड करून उभा. हे एकदा पायांना कळलं की पंचकोनाला 72 आणि षटकोनाला 60 कुणी सांगावं लागत नाही.

वारंगा फाट्याजवळच्या एका शाळेत मी मुलांना संगणकावर चित्रं काढायला आणि त्यासाठी प्रोग्राम लिहायला शिकवतो. फाटा ज्यांना ठाऊक आहे त्यांना तो खिचडीमुळे ठाऊक आहे. नांदेडहून येणारा रस्ता इथे फुटतो. एक बाळापूर, कळमनुरीवरून हिंगोलीला जातो, दुसरा हदगाव, उमरखेड, यवतमाळ करत नागपूरला. गाड्या थांबतात, लोक गरम खिचडी खातात आणि पुढे जातात. आसपास सोयाबीन आणि हळद. आमच्या वर्गातल्या चित्रांचे विषय यातूनच येतात आणि ते यावेत यावर माझा कटाक्ष असतो.

चालून चित्र काढायची ही रीत जुनी आहे. 1967 मध्ये अमेरिकेत सेमूर पॅपर्ट, सिंथिया सोलोमन आणि वॉली फॉयरझाइग यांनी मुलांसाठी 'लोगो' ही संगणकभाषा तयार केली. पुढे तिच्या हुकमावर जमिनीवरून सरकत रेघ ओढणारं यंत्राचं कासव आलं. मूल स्वतःला कासवाच्या जागी ठेवून विचार करतं आणि म्हणून भूमिती त्याच्या अंगात उतरते, हे पॅपर्ट यांचं म्हणणं. आमच्या मुलांना कासव नवं नाही, गावातल्या देवळात गाभाऱ्यासमोर ते पाहतच ती वाढलेली असतात. आज शाळांतून चालणारं स्क्रॅच हे याच लोगोचं नातवंड. ते 2007 मध्ये एमआयटीच्या मीडिया लॅबमधून मिचेल रेझनिक यांच्या गटाने सर्वांसाठी मोफत खुलं केलं. त्याच वर्षी आपल्याकडे कर्जतजवळच्या एका धनगरवाड्यावर, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या प्रत्येक मुलाच्या हातात हिरवा-पांढरा छोटा लॅपटॉप देण्याचा प्रयोग झाला होता. भर उन्हात पडदा वाचता येईल अशी ती यंत्रं, आणि त्यांतही कासवाकडून चित्र काढून घ्यायची सोय होतीच.

आमच्याकडे मुलागणिक यंत्र नाही. एका यंत्राला दोन, कधी तीन मुलं. अशा वेळी माउस कुणाच्या हातात, हा सगळ्यात मोठा प्रश्न असतो. मोकळं सोडलं तर तो मुलाच्या हातात राहतो आणि मुलगी शेजारी बसून वही लिहिते. म्हणून एक नियम केला आहे: ज्याच्या हातात माउस, त्याने ठरवायचं नाही. ठरवायचं आणि बोलायचं शेजारच्याने. थोड्या वेळाने जागा बदलायच्या. या नियमाने जेवढा फरक पडला तेवढा चांगल्या यंत्रांनीही पडला नसता. बोलून सांगायचं म्हटलं की मनातला हुकूम नेमका करावा लागतो. "तिकडं ने" चालत नाही, "उजवीकडे 40" म्हणावं लागतं.

जुन्या यंत्रांवर स्क्रॅचची जुनी आवृत्ती टाकतो, कारण नवी आवृत्ती विंडोज 10 मागते. इंटरनेट लागत नाही. लाइट गेली की चौकडीची वही निघते. स्क्रॅचचा पडदा 480 बाय 360 घरांचा, मधोमध शून्य. डावीकडे उणे 240, खाली उणे 180. ऋण संख्या गणिताच्या पुस्तकात नुसत्या रेषेवर बसलेल्या असतात, इथे त्या जागा होतात. मांजर खाली न्यायची असेल तर उणे लिहावंच लागतं.

या चौकडीवर मुली माझ्यापुढे असतात, कारण ठिपक्यांची रांगोळी. किती ठिपके, किती ओळी, कुठला ठिपका कुठे जोडायचा आणि तोच आकार चारी बाजूंनी कसा फिरवायचा, हे त्यांच्या बोटांना येतं. सातवीतल्या एका मुलीने आधी वहीत पाकळी काढली, पाकळीचा ठोकळा केला आणि मग विचारलं, "सर, हिला गोल फिरवत नेलं तर?" नेली. साधा चौरस काढून 10 अंश वळा, असं 36 वेळा केलं की पडद्यावर जाळीदार फूल उमलतं. एलिमेंटरी ग्रेड परीक्षेच्या संकल्पचित्रात हेच फूल कंपास आणि ट्रेसिंग पेपर घेऊन दुपारभर बसून काढावं लागतं. मला कंपासही हवा आहे. हाताने एकदा काढलेलं असलं, तरच 36 या आकड्याची किंमत कळते.

वारली चित्राचं असंच. जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे ही चित्रं जगभर गेली आणि मुलांच्या पुस्तकांतही आली. वारली माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वर गोल, हातापायांच्या रेघा. मुलं एकदा 'माणूस' नावाचा ठोकळा तयार करतात. नंतर प्रत्येक वेळी सगळं लिहायला नको, 'माणूस' म्हटलं की माणूस उभा. मग तारपा नाचाची गोल रांग. नुसतं वळत गेलं तर वर्तुळ होतं, पण प्रत्येक वळणाला पाऊल थोडं वाढवलं की वेटोळं उलगडत जातं. संगणकशास्त्रात ज्याला फंक्शन आणि चल म्हणतात ते दोन्ही इथे आले, आणि नावं नंतर सांगितली तरी चालतात.

रंगाचा तास मला सगळ्यांत आवडतो. रंगपेटीत पिवळा हा मूळ रंग, तो कशातूनही तयार होत नाही, असं मुलांना शिकवलेलं असतं. पेंटमध्ये रंग बदलायची खिडकी उघडली की तिथे लाल, हिरवा, निळा, तिन्हींना 0 ते 255. पिवळा नाहीच. मुलं गोंधळतात. मग मोबाइलच्या पांढऱ्या पडद्यावर पाण्याचा बारीक थेंब बोटाने ठेवायचा. थेंब भिंगाचं काम करतो आणि त्यात लाल, हिरवे, निळे कण चमकताना दिसतात. पडद्यावर रंग फासलेला नसतो, उजेड मिसळलेला असतो. लाल 255 आणि हिरवा 255 केला की पिवळा. पण तो लिंबाचा पिवळा. हळदीचा कसा आणायचा? यावर वर्गात वाद झाला. एकाने हिरवा 190 वर आणला, दुसरीने म्हटलं, ही दळलेली हळद झाली, शिजवून वाळत घातलेली अशी दिसत नाही. ती शेतकऱ्याची मुलगी, तिला कच्चा गड्डा, शिजलेली हळद आणि पॉलिश केलेली हळद यांचे रंग वेगळे माहीत. तिने तिन्हींचे आकडे वहीत लिहून ठेवले. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिच्या रंगछटांचे आकडे लिहिणारी मुलगी या वर्गात बसते याचा मला अभिमान वाटतो.

पुढे सोयाबीनचं शेत आलं. एक रोप, त्याची ओळ, ओळींची ओळ: 'इतक्या वेळा करा'च्या ठोकळ्यात तसाच दुसरा ठोकळा, म्हणजे लूपमध्ये लूप. शेत झालं, पण खोटं दिसू लागलं. सगळी रोपं एका मापाची. मग संगणकाला सांगितलं, उंची 20 ते 35 मधली कुठलीही घे. शेत एकदम खरं वाटू लागलं. व्हेरा मोलनार ही हंगेरीत जन्मलेली चित्रकार 1968 पासून संगणकावर हेच करत होती: काटेकोर चौकोनांच्या रांगेत किंचितशी विस्कळीतता सोडायची आणि काय होतं ते पाहायचं. मुलांना तिची चित्रं दाखवली तेव्हा एक जण म्हणाला, "हे तर पाऊस कमी पडल्यावानी उगवलंय." तिच्या चित्रावर इतकं नेमकं बोललेलं मी तरी ऐकलं नव्हतं.

'जर-तर' शिकवायला फाटाच घेतला. एक एसटी काढायची, तिला पाटी द्यायची. पाटी नागपूर असेल तर उजवीकडे, हिंगोली असेल तर सरळ. नाहीतर थांब. या 'नाहीतर'वरून मुलं खूप भांडली. पाटीच नसेल तर? ड्रायव्हर खिचडी खायला उतरला तर? प्रत्येक शंका एक नवा ठोकळा झाला.

सगळंच सुरळीत चालतं असं नाही. लाइट गेल्यावर न साठवलेलं चित्र जातं आणि रडू येतं. काही मुलं दुसऱ्याचा प्रोग्राम जसाच्या तसा उतरवतात. मला याची चीड मुलांवर येत नाही, पण 'हे पाहा आणि असंच करा' म्हणून तयार ठोकळे हातात देणाऱ्या पद्धतीवर येते. तयार प्रोग्राम चालला की मूल खूश होतं, पण त्याला उघडा त्रिकोण कधीच भेटत नाही, आणि शिकणं नेमकं तिथे असतं. मुंबईच्या आयआयटीत प्रा. श्रीधर अय्यर यांच्या गटाने शाळांसाठी केलेला 'कॉम्प्युटर मस्ती' हा अभ्यासक्रमही सॉफ्टवेअरची बटणं पाठ करण्यापेक्षा विचाराच्या रीतीवर भर देतो. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिकपूर्व वर्गांत, म्हणजे सहावीपासून, कोडिंग आलं आहे. ते आता कागदावरून वर्गात येईल तेव्हा गणिताच्या किंवा टायपिंगच्या गळ्यात बांधलं जाऊ नये.

मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे: वेळापत्रकात चित्रकलेचा तास आणि संगणकाचा तास लागोपाठ ठेवा, आणि दोन्ही शिक्षकांना दोन्ही तासांना वर्गात थांबू द्या. याला नवा निधी लागत नाही, वेगळी यंत्रंही लागत नाहीत. पालकांनी घरी मूल काय शिकलं असं विचारण्याऐवजी काय काढलं असं विचारावं आणि ते चित्र चालवून दाखवायला सांगावं. शाळेच्या संगणक खोलीची किल्ली कुणाकडे असते आणि ती खोली आठवड्यातून किती वेळा उघडते, एवढी चौकशी पुढच्या पालक सभेत अवश्य करा.