मोत्याचा फराळ

गेल्या दिवाळीत रहिमतपूरला घरी आजीने मायेने लाडवातला बेदाणा मोत्यापुढे धरला, आणि मी ओरडलोच! तासगावचा बेदाणा आपल्याला मेवा. कुत्र्याची मूत्रपिंडे मात्र त्याने निकामी होऊ शकतात. द्राक्षातले टार्टारिक आम्ल याला कारणीभूत असावे, असे २०२१ पासून पशुवैद्यक मानू लागले. हेच आम्ल चिंचेतही असते. कांदा-लसणाने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. चॉकलेटही वर्ज्य!

आजी म्हणाली, "मग त्यानं सणाला खायचं तरी काय?"

प्रश्न रास्त होता. उत्तर घरातच सापडले. एक वाटी ज्वारीचे पीठ, अर्धी वाटी उकडून कुस्करलेले रताळे, चमचाभर शेंगदाण्याचे कूट. मीठ, गूळ अजिबात नको. ज्वारीत ग्लुटेन नसते, म्हणून पीठ तुटते. उकळते पाणी घातले की त्यातला स्टार्च चिकट होतो आणि गोळा जमतो. पोळी लाटून शंकरपाळ्यांसारखे तुकडे कापा, तव्यावर मंद आचेवर खुटखुटीत भाजा. आत ओल राहिली तर बुरशी धरते. गार झाल्यावर डब्यात भरा. दिवसाला दोन-तीन तुकडे पुरेत. हा खाऊ आहे, जेवण नव्हे.

आता आमच्याकडे फराळाचे दोन डबे असतात. मोत्याच्या डब्याला हात लावायची आजीने मला सक्त मनाई केली आहे!