लाल तेवढंच तोडायचं

डोंगरउतारावर कॉफी तोडताना एक हात फांदीला आणि एक फळाला लागतो. पायांनी आपापलं बघून घ्यायचं. आंध्रातल्या पूर्व घाटात, अराकूच्या परिसरात, समुद्रसपाटीपासून साधारण १,००० मीटरवर नोव्हेंबरपासून जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत हे काम चालतं. वर सिल्व्हर ओकची सावली, त्यांच्या खोडांवर चढलेले मिरीचे वेल, खाली माणसाच्या उंचीची अरेबिकाची झुडपं. सुगीच्या सुरुवातीला दरीत कारळा पिवळाधमक फुललेला असतो. पर्यटक फोटो काढतात ते त्याचेच. कॉफी सावलीत असते, तिच्याकडे कोण बघतो!

एकाच फांदीवर लाल, पिवळसर आणि हिरवीगार फळं शेजारी-शेजारी असतात. लाल तेवढंच तोडायचं. अंगठा आणि दोन बोटांत धरून हलका पीळ दिला की ते सुटतं आणि देठ फांदीवरच राहतो. फांदी ओरबाडली तर टोपली पटकन भरेल, पण कच्च्या फळाने कॉफीला तुरटपणा येतो आणि पुढच्या हंगामाचे डोळे दुखावतात. म्हणून त्याच झाडाकडे तीन-चार वेळा यावं लागतं. एक पोरगा घाईने मूठभर फळं टोपलीत टाकतो. शेजारची मावशी काही न बोलता त्यातली हिरवी वेचून त्याच्या हातावर ठेवते. एवढी शिकवणी पुरते.

बागा लहान, बऱ्याच तर एखाद-दोन एकरांच्या. पूर्वी या डोंगरांवर जंगल जाळून फिरती पोडू शेती व्हायची. तिला पर्याय म्हणून सरकारी यंत्रणांनी आदिवासी कुटुंबांना कॉफी लावायला लावली. आता २०१९ पासून अराकू अरेबिकाला भौगोलिक मानांकन आहे आणि २०१७ साली पॅरिसमध्ये अराकूच्या नावाचं दुकानही उघडलं. बागेत मात्र दुपारी सगळे बसतात ते नाचणीची आंबली घेऊन.

तोडायला आज या घरी, उद्या त्या घरी. कोकणातली सावड ज्याने पाहिली आहे त्याला हा हिशेब वेगळा सांगायला नको. पण इथे ही केवळ गावची रीत नाही, फळाचा हट्टही आहे. तोडलेलं फळ रात्रभर पोत्यात राहिलं की तापतं, आतल्या आत आंबतं आणि त्याचा वास बीला लागतो. त्यामुळे सकाळी तोडलेलं संध्याकाळपर्यंत सोलून व्हायलाच हवं. घरातल्या दोघांनीच तोडायचं म्हटलं तर एका दिवसात सोलण्याजोगा माल जमत नाही, आणि मागे राहिलेली फळं झाडावरच काळी पडतात.

संध्याकाळी फळं आधी पाण्यात ओततात. पोकळ आणि किडकी तरंगतात, ती वेगळी काढायची. बाकीची हाताने फिरवायच्या पल्परमध्ये. एक जण मूठ फिरवतो, एक जण वरून फळं सोडतो, तिसरा पाणी घालतो; एका बाजूला लाल सालींचा ढीग, दुसऱ्या बाजूला बुळबुळीत बिया. चव घेतली तर गर गोड लागतो, कॉफीची त्यात खूणही नसते. या बिया आंबायला ठेवायच्या. किती वेळ, ते थंडीवर अवलंबून. कडाक्याची असेल तर दीड दिवसही लागतो. मूठभर बिया पाण्यात चोळायच्या. खडे घासल्यासारखा खरखर आवाज आला की बुळबुळीतपणा गेला, धुवायला घ्या. घड्याळ बघताना मी कुणाला पाहिलं नाही.

मग वाळवण. जाळीच्या उंच मांडवांवर बिया पातळ पसरायच्या, दिवसभर हलवायच्या, दव पडायच्या आत झाकायच्या. पाच-सहा किलो फळांमागे हाती लागते जेमतेम किलोभर कॉफी. एवढे कष्ट करण्यापेक्षा फळ सालीसकट अंगणात वाळवून गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला विकणं सोपं, आणि अडीनडीला पैसा लागणारी घरं तेच करतात. त्यांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. उचल आधीच घेतलेली असेल तर निवड उरतेच कुठे? सरकारी सहकारी महामंडळाने किंवा गटाने भाव वेळेत जाहीर केला आणि पैसे लवकर दिले, तरच सोलून-धुऊन वाळवण्याची मेहनत परवडते.

हंगामाचं शेवटचं काम सगळ्यांत कंटाळवाणं. झाडावर चुकून राहिलेलं आणि खाली पडलेलं एकूण एक फळ वेचायचं. त्याला भाव जवळजवळ नाही. पण कॉफीच्या फळात शिरून बी पोखरणारा भुंगा अशाच राहिलेल्या फळांत पुढचा हंगाम येईपर्यंत तग धरतो. २०२५ मध्ये तो अराकूतही सापडला. बाधित फळं तोडून, उकळत्या पाण्यातून काढून खोल पुरणं हा मुख्य उपाय, आणि तोही शेजाऱ्याने केला तरच कामाचा. भुंग्याला बांध कळत नाही. त्यामुळे वेचणीलाही सावडच लागते. ज्याचं घर म्हाताऱ्यांवर आलं आहे त्याच्या बागेत आधी जायचं, असं मी पाहिलेल्या एका वस्तीवर ठरलं होतं.