भिंतीत सापडलेला सुपरमॅन



2013 साली अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या एका लहान गावात एक गृहस्थ नुकतेच विकत घेतलेले जुने घर दुरुस्त करत होते. भिंत फोडली तेव्हा आत थंडीपासून बचावासाठी कोंबलेली जुनी वर्तमानपत्रे निघाली आणि त्यांत मुलांचे एक चित्रमासिक. मुखपृष्ठावर निळ्या पोशाखातला, लाल झूल पांघरलेला एक माणूस हिरवी मोटार डोक्यावर उचलून खडकावर आपटतो आहे. तो होता जून 1938 चा ‘अॅक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक, म्हणजे सुपरमॅनचा जन्म. घरात आनंदीआनंद झाला. एका नातेवाईक बाईंनी उत्साहाने अंक हातात घेतला, या गृहस्थांनी घाईने तो परत ओढला आणि मागचे मुखपृष्ठ फाटले. अंक पुढे लिलावात 1,75,000 डॉलरला गेला. पण त्या ओढाओढीने सुमारे 75,000 डॉलरचे नुकसान झाले, असा जाणकार व्यापाऱ्याचा अंदाज होता.

मूळ किंमत 10 सेंट असलेल्या, पोरासोरांसाठी छापलेल्या अंकाला एवढे मोल येते कुठून, आणि एका फाटक्या पानाने ते एवढे घसरते का, हे आज आपल्याला समजून घ्यायचे आहे. हा विषय परका वाटेल, पण शेवटी तो आपल्या माळ्यावरच्या ट्रंकेपर्यंत येऊन पोचणार आहे.

पहिला गैरसमज असा, की जुने ते सोने. तसे असते तर 1938 सालचे प्रत्येक मासिक श्रीमंतांच्या तिजोरीत असते. संग्राहक तीन गोष्टी पाहतात : अंकाचे महत्त्व काय, प्रती उरल्या किती, आणि हाती असलेली प्रत कोणत्या स्थितीत आहे. तिन्हींचा गुणाकार म्हणजे किंमत. यांतली एक गोष्ट शून्य असली तर बाकीच्या दोन फारशा कामाला येत नाहीत.

महत्त्व बहुधा पहिल्या पदार्पणाला असते. सुपरमॅन 1938 च्या त्या अंकात आला, बॅटमॅन मे 1939 च्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या 27 व्या अंकात, स्पायडरमॅन ऑगस्ट 1962 च्या ‘अमेझिंग फँटसी’च्या 15 व्या अंकात. त्याच मासिकांचे आगेमागचे अंक तितकेच जुने, पण त्यांना ही किंमत नाही. म्हणजे पैसा कागदाच्या वयाला मिळत नाही. पुढे ज्या पात्राने कोट्यवधी वाचकांच्या मनात घर केले, त्याच्या पहिल्या पावलाला मिळतो.

आता दुर्मिळतेकडे वळू. सुपरमॅनच्या त्या पहिल्या अंकाच्या सुमारे दोन लाख प्रती छापल्या होत्या असे मानतात. आज शंभराच्या आसपास उरल्या असाव्यात, असा अंदाज आहे. बाकीच्या गेल्या कुठे? मुलांनी त्या वाचल्या, घडी घालून खिशात कोंबल्या, मित्राला दिल्या, आणि आईने घर आवरताना फेकल्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी शाळकरी मुलांनी घरोघर रद्दी गोळा करून देशाला दिली, त्यात चित्रमासिकांचे गठ्ठेच्या गठ्ठे गेले. युद्धानंतर ही मासिके मुलांना बिघडवतात असा गजर झाला. 1948 साली न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनमध्ये त्यांची जाहीर होळी झाली. 1954 साली फ्रेडरिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञाने त्यांच्याविरुद्ध पुस्तक लिहिले, सिनेटच्या उपसमितीने चौकशी मांडली, आणि अनेक घरांतून उरलेसुरले अंकही बाहेर पडले. आजची किंमत ही अशी त्या काळच्या बेकिंमतीतून जन्मली आहे. सगळ्यांनी जपले असते तर कोणालाच काही मिळाले नसते.

याचा उलटा पुरावा 1990 च्या दशकाने दिला. जुन्या अंकांचे भाव वर्तमानपत्रांत झळकू लागले तसे लोक नवे अंक गुंतवणूक म्हणून घेऊ लागले. 1991 सालच्या ‘एक्स-मेन’च्या नव्या मालिकेचा पहिला अंक 80 लाखांहून अधिक प्रतींनी निघाला. 1992 साली सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक काळ्या पिशवीत बंद करून विकला, आणि असंख्य लोकांनी पिशवी न फोडता तो कपाटात ठेवला. मुलांच्या शिक्षणाची सोय झाली, असे त्यांना वाटले. आज हे अंक कवडीमोलाने मिळतात, कारण ते सगळ्यांकडे आहेत. त्या दशकात बाजार कोसळला आणि अमेरिकेतली कितीतरी कॉमिक्सची दुकाने बंद पडली.

तिसरी गोष्ट स्थिती. ही मासिके सर्वांत स्वस्त लगद्याच्या कागदावर छापलेली. त्या कागदात लाकडातले लिग्निन आणि आम्ल राहते. हवा, ऊन आणि दमट उष्मा लागला की कागद पिवळा, मग तपकिरी होतो आणि शेवटी पापडासारखा मोडतो. म्हणून जाणकार आधी पानांचा रंग पाहतो. मग पाठीच्या कडेवरच्या बारीक सुरकुत्या, टाचण्यांचा गंज, घड्या, डाग. जाहिरातीचे कूपन कोणी कात्रीने कापून नेले आहे का, हे तो पान पान उलटून बघतो. रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांनी 1970 साली स्थितीनुसार भाव देणारे दरपुस्तक काढले, तेव्हा या व्यवहाराला शिस्त आली. 2000 सालापासून त्रयस्थ संस्था अंक तपासून त्याला 10 पैकी गुण देतात आणि तो कडक पारदर्शक पेटीत कायमचा बंद करतात. भिंतीतल्या त्या अंकाला 1.5 गुण मिळाले. त्याच अंकाची 8.5 गुणांची प्रत 2024 साली 60 लाख डॉलरला गेली. फरक आहे तो मुख्यतः जपणुकीचा.

इथे सामान्य माणूस एक चूक हमखास करतो. फाटले तर चिकटपट्टी लावतो, रंग उडाला तर पेनने भरतो. संग्राहकाच्या लेखी दुरुस्ती ही जखमेहून वाईट. गुण देणारी संस्था अशा अंकाला वेगळ्या रंगाची चिठ्ठी लावते आणि भाव खाली येतो. जपण्याचा उत्तम नमुना डेन्व्हर शहरातला. एडगर चर्च नावाचे चित्रकार वर्षानुवर्षे नवे अंक घेऊन घरात थरावर थर रचून ठेवत. 1977 साली चक रोझान्स्की या तरुण व्यापाऱ्याने तो संग्रह घेतला, तेव्हा 18,000 हून अधिक अंक जवळजवळ कोरे निघाले. समुद्रसपाटीपासून मैलभर उंचीवरची कोरडी हवा, अंधार आणि वरच्या थरांचा सारखा दाब, एवढेच त्यामागचे गुपित.

मोलाची गोष्ट निघाली आहे तर निर्मात्यांचे काय झाले तेही सांगायला हवे. लेखक जेरी सीगल आणि चित्रकार जो शूस्टर ही क्लीव्हलंडची दोन तरुण मुले. 1938 साली त्यांना 412 डॉलरचा धनादेश मिळाला, त्यातले 130 डॉलर सुपरमॅनच्या सर्व हक्कांचे. पुढे दोघांनी कोर्टकचेऱ्या केल्या, हालात दिवस काढले. 1975 साली लोकमताच्या रेट्यामुळे त्यांना वर्षाला प्रत्येकी 20,000 डॉलरचे निवृत्तिवेतन आणि पात्राखाली नाव मिळाले. 2012 साली तो रद्द झालेला धनादेशच लिलावात 1,60,000 डॉलरला विकला गेला. निर्मात्याला दिलेल्या मोबदल्यापेक्षा त्या मोबदल्याच्या चिठोऱ्याला शेकडोपट मोल!

आता आपल्या घराकडे येऊ. मार्च 1964 पासून निघालेली ‘इंद्रजाल कॉमिक्स’ मराठीतही येत, आणि ली फॉक यांचा वेताळ आपल्या कितीतरी घरांत सुट्टीचा पाहुणा होता. आपल्याकडे रीत अशी, की आवडते अंक एकत्र बांधून घ्यायचे. बाइंडर मुखपृष्ठे काढायचा, कडा कापून सारख्या करायचा. जपण्याच्या भावनेने आपण संग्राहकाच्या लेखी त्यांचे मोल घालवले. पण त्याच बांधणीमुळे ते रद्दीवाल्याकडे गेले नाहीत, हेही खरे. आपल्याकडे सर्वमान्य दरपुस्तक नाही. त्यामुळे माळ्यावर लाखो रुपये पडले आहेत या भ्रमात कोणी राहू नये. मात्र ट्रंक उघडलीच तर एवढे करावे. चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. ओल येणाऱ्या भिंतीपासून दूर, जमिनीपासून उंच, उन्हाआड ठेवावे. वाळवी आणि कसर पाहण्यासाठी पावसाळ्यापूर्वी आणि नंतर एकदा उघडावे. अंक कोणाचा, कोणत्या गावी घेतला, हे वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवावे, अंकावर नव्हे.

आणि एक शेवटचे. पेटीत बंद केलेला तो साठ लाखांचा अंक आता कोणी वाचू शकत नाही. पेटी फोडली की गुण गेले. त्याला मोल मिळवून दिले ते मात्र ज्यांनी आपल्या प्रती वाचून वाचून फाडल्या, त्या मुलांनी. आपल्या महाराष्ट्राबाहेरच्या घरांत मराठी टिकली तीही अशाच हाताळून जीर्ण झालेल्या पानांनी. म्हणून जो अंक कोरा असेल तो जपा. ज्याची पाने सुटली आहेत, ज्यावर काकांचे नाव आणि चहाचा डाग आहे, तो नातवंडांच्या हातात द्या. दोन्हींचे मोल आहे, फक्त लिलावात एकाचेच होते.